कलावंतांच्या मागची वर्षे

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



न्यासाच्या चिटणिसांनी आम्हांस या व्याख्यानमालेत बोलावले, तेव्हा विषय आमच्यावर सोपविला. शाळामास्तर शिक्षणावरच बोलेल, अशी त्यांची अटकळ असावी. परंतु शिक्षणावर बोलण्याची संधी आम्हांस शाळा भरते त्या प्रत्येक दिवशी मिळतेच, आणि त्या श्रोत्यांना मधूनच उठून जाण्याची सोय नसते. आज आपण सारे आपखुशीने आलेले आहात. तेव्हा पुष्कळ वर्षे मनात घोळत असलेला विषय आपल्यापुढे ठेवतो. तो विषय म्हणजे आपले गवई आणि त्यांच्या गाण्यामागची आयुष्ये.

प्रथमच सांगून टाकतो की आम्ही गाणारे नाही. आम्हांस राग ओळखता येतात, तेही सगळे नाहीत. आमच्या घरची बोली दख्खनी, शिकवतो ते मराठीतून आणि बाजारात भाव करतो तो कानडीतून. बेळगावात राहणाऱ्याची ही नेहमीचीच रीत आहे. गाणे मात्र या तिन्ही भाषांच्या दारातून आमच्या कानी आले, आणि ते कोणत्या दाराने आले हे विचारावे असे आम्हांस कधी वाटले नाही. अशा एका साध्या श्रोत्याचे हे मनोगत आहे, एवढ्याच बेताने ते ऐकावे.

मिरजेहून निघणारी रेल्वे आपल्या बेळगावावरून धारवाड, हुबळीकडे जाते आणि हुबळीच्या पुढे कुंदगोळ नावाचे लहानसे स्टेशन लागते. एका दिवसात आटोपणारा हा प्रवास. पण हिंदुस्थानी गायनाच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतली केवढी मोठी माणसे या एवढ्या रुळांच्या अवतीभवती जन्मली, शिकली किंवा विसावली! आज आपण याच गाडीत बसू आणि चार-सहा ठिकाणी उतरू.

पहिले ठिकाण मिरज. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी गाण्याचा उत्सव होतो. खाँसाहेब १८७२ साली उत्तरेत कैराना येथे जन्मले. तरुणपणी बडोद्याच्या दरबारात गायले आणि पुढे मिरजेचे झाले. त्यांनी मराठी नाट्यपदांच्या तबकड्या दिल्या, त्यागराजांच्या कृती गायल्या, आणि दर्ग्यातही गायले. त्यांच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. पण तेवढ्या वेळात त्यांचा स्वर असा काही लागतो की खोलीतली माणसे आपोआप हलक्या आवाजात बोलू लागतात.

हे झाले गाणे. त्यामागचे आयुष्य तितके सुरेल नव्हते. बडोद्याच्या ताराबाई माने यांनी त्यांच्यासाठी घर सोडले. दोघांना पाच मुले झाली. १९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले आणि अनेक विद्यार्थी सांभाळून शिकवले. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांना आईचे आडनाव मिळाले आणि जगाने त्यांना सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे अशा नावांनी ओळखले. बापाचा स्वर त्यांच्या गळ्यात राहिला. बापाचे छत्र मात्र डोक्यावर राहिले नाही. पुढे हिराबाईंनी स्त्रियांच्या जाहीर मैफलींना जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती अशा मोडलेल्या घरातून उभे राहून मिळवली. आम्ही खाँसाहेबांचे भक्त आहोत. परंतु भक्ताने दैवताच्या घरातले हे दुःख झाकून ठेवावे, असे आम्हांस वाटत नाही. ताराबाईंनी ती पाच मुले वाढवली, हेही त्या गाण्याच्या इतिहासातलेच पान आहे.

१९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीस जात असता वाटेत खाँसाहेबांना अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमल कोइल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर बिछाना घालून घेतला, तंबोरा लावून घेतला, आणि ईश्वराचे नाव गात प्राण सोडला, असे सांगतात. तेथून त्यांचा देह मिरजेस आणला गेला.

मिरज सोडण्यापूर्वी आणखी एका गल्लीत डोकावले पाहिजे. तेथे तंबोरे आणि सतारी तयार होतात. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानी लढाया संपल्या, हत्यारांचे काम उरले नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्ये बनविण्यास हात घातला. ज्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या पाते घासले, त्या घराण्याने तार बोलती केली! पंढरपूरच्या बाजूचा कडू भोपळा आणून वाळवावा, तो कापून त्यावर लाकडी दांडी बसवावी, नक्षी करावी. पण खरे कसब शेवटी लागते. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा किंचित उताराने घासावा लागतो, म्हणजे तार त्यावर हलकीशी घसटते आणि एका स्वरातून अनेक स्वर उमटू लागतात. याला जवारी म्हणतात. कानसाचा एक हात जास्त पडला की तंबोरा मुका होतो. हे काम मोजपट्टीने होत नाही, कानाने होते. म्हणजे ज्याचे नाव कधी कार्यक्रमपत्रिकेत छापले जात नाही, त्या माणसाचा कान गवयाइतकाच तयार असावा लागतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या गल्लीतल्या तरुणांना या धंद्यावर घर चालवता आले, तर तो आनंद पुरा होईल.

गाडी पुढे निघाली की बेळगाव येण्याआधी सुळेभावी लागते. अनेक उतारूंच्या ते लक्षातही येत नाही. तेथे ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ हा मुलगा जन्मला. सहा-सात वर्षांच्या वयात तो मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवी, म्हणून त्याला कुमार गंधर्व ही पदवी मिळाली, आणि तीच त्याचे नाव होऊन बसली. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि शिकवले. अद्भुत मुले पुष्कळ निघतात. मिसरूड फुटल्यावर त्यांतली बहुतेक हरवतात. या मुलाला नक्कल सोडायला लावून स्वतःचे गाणे शोधायला कोणीतरी शिकवले, म्हणून तो हरवला नाही.

१९४७ साली त्यांचा विवाह देवधरांच्याच विद्यालयातल्या भानुमतीबाईंशी झाला, आणि थोड्याच दिवसांत क्षयाने कुमारांना गाठले. कोरड्या हवेसाठी दोघे माळव्यात देवासला गेली. डॉक्टरांनी गाणे बंद केले. चोविशीच्या गवयाला गाऊ नको म्हणून सांगणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यानेच ताडावे. पाच-सहा वर्षे अशी गेली. स्ट्रेप्टोमायसीन हे औषध तेव्हा नवे होते; त्याने गुण आला, पण फुप्फुसाची पूर्वीची ताकद परत आली नाही. मोठ्या दमाच्या ताना गेल्या. अंथरुणावर पडून त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या नाथपंथी भिक्षेकऱ्यांची भजने ऐकली, माळव्यातल्या बायकांची लग्नाची आणि सणावाराची गाणी ऐकली. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा त्या तुटक्या श्वासातून एक निराळेच गाणे निघाले. त्यांचे निर्गुणी भजन ज्याने एकदा ऐकले आहे, त्याला आम्ही अधिक काय सांगावे?

पण त्या पाच-सहा वर्षांत देवासच्या त्या घरात चूल कशी पेटत होती? भानुमतीबाई स्वतः गाणाऱ्या होत्या. त्यांनी शाळेत नोकरी धरली. दिवसा मुलांना शिकवावे, घरी येऊन रुग्णाची शुश्रूषा करावी. आमच्या पेशातल्या एका बाईने वर्गात उभे राहून हा कलावंत जगवला, याचा आम्हां शिक्षकांना फार अभिमान वाटतो. १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी त्या वारल्या. पुढे वसुंधराबाईंनी कुमारांना संसारात आणि मैफलीत जन्मभर साथ दिली. टाळ्या पडतात तेव्हा या दोन नावांची आठवण किती जणांना होते?

आता आपले बेळगाव. १९२४ च्या डिसेंबरात येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यात स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये धारवाडची एक अकरा वर्षांची मुलगी होती. तीच पुढे गंगूबाई हनगल झाली. समाजाने खालच्या पायरीवर बसविलेल्या गाणाऱ्या बायकांच्या घरात ती जन्मली होती. गाण्यापेक्षा तिला वेगळीच धास्ती होती. जेवणावळी उठल्यावर उष्टी पाने काढायला आपल्याला सांगतील की काय, ही भीती त्या दिवशी मनात होती, असे गंगूबाईंनी उतारवयात सांगितले आहे. अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात ही भीती कोणी घातली, याचा विचार आपण बेळगावकरांनी अवश्य करावा.

गंगूबाईंच्या मातोश्री अंबाबाई कर्नाटक संगीत उत्तम गात. मुलीचा ओढा हिंदुस्थानी गाण्याकडे आहे असे दिसले, तेव्हा तिच्या कानावर दुसरी पद्धत पडून गोंधळ नको म्हणून त्यांनी स्वतःचे गाणे थांबवले. बंधुभगिनींनो, जमीन विकून मुलास शिकवणारे आईबाप आपण पाहतो. पण स्वतःचा स्वर मुलीसाठी बंद करणे हा त्याग कोणत्या तागडीत तोलावा? १९३२ साली अंबाबाई वारल्या. मुलीची कीर्ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

धारवाड आले की मनसूर आठवते. तेथल्या एका शेतकऱ्याच्या घरी १९१० साली मल्लिकार्जुन मनसूर जन्मले. नाटक मंडळीत लहानपणी कामे केली, मिरजेस नीलकंठबुवा अलूरमठांकडे शिकले. नाव होऊ लागले असताना त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ यांच्यापुढे पुन्हा विद्यार्थी म्हणून बैठक मारली. १९३७ साली मंजी खाँ अकाली वारले. मनसूरांनी त्यांचे बंधू भुर्जी खाँ यांचे पाय धरले आणि शिक्षण पुढे चालू ठेवले. लिंगायत शिष्य आणि मुसलमान गुरू यांचे ते नाते बापलेकाचे होते. देशाने मनसूरांना खऱ्या अर्थाने ओळखले ते पन्नाशी-साठी उलटल्यावर. पद्मविभूषण मिळाले १९९२ साली, आणि त्याच वर्षी ते गेले. मधल्या तीस-चाळीस वर्षांत त्यांनी रोजचा रियाज सोडला नाही. कोणी ऐकत नसताना जो गातो, त्याला आम्ही खरा गवई म्हणतो.

शेवटचे स्टेशन कुंदगोळ. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, येथले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी रामभाऊंना पत्करले ते एका अटीवर. मुलगा आठ वर्षे शिकेल, मध्ये नेता येणार नाही, असे त्यांनी रामभाऊंच्या वडिलांकडून कबूल करून घेतले. या आठ वर्षांचा आकडा ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

उत्तरायुष्यात सवाई गंधर्व कुंदगोळास राहिले, आणि गंगूबाई हुबळीहून रेल्वेने त्यांच्याकडे शिकायला जात. संध्याकाळी शिकून रात्रीच्या गाडीने परत. घरी मुले, संसाराचा भार मोठा, आणि रस्त्याने जाताना "गाणारी आली" म्हणून टोमणे मारणारे लोक. पुढे घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि त्यांचा आवाज खाली उतरला, जड झाला. दुसरी कोणी खचली असती. त्यांनी तो नवा आवाज आपला मानला, आणि पन्नासाहून अधिक वर्षे त्याच आवाजाने मैफली गाजवल्या. २००४ साली त्यांच्या मागे बसून आयुष्यभर साथ करणारी मुलगी कृष्णा गेली. २००९ साली गंगूबाई गेल्या. जाताना नेत्रदान करून गेल्या.

याच कुंदगोळात गदगचा एक मुलगा पडेल ते काम करून शिकत होता. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून तो वेडा झाला आणि १९३३ साली अकरा वर्षांचा असताना घरातून पळाला. तिकिटाविना गाड्या बदलत ग्वाल्हेरपासून जालंधरपर्यंत गुरू शोधत हिंडला. अखेर गुरू सापडला तो घराजवळच. सवाई गंधर्वांच्या घरी त्याने पाणी भरले, घरकाम केले आणि मग गाणे घेतले. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले. १९५३ पासून पुण्यात गुरूच्या नावाने महोत्सव चालवून त्यांनी ते ऋण फेडले, असे लोक म्हणतात. ते स्वतः मात्र ते फिटले असे म्हणाले नसते.

आपला प्रवास येथे संपला. आता या साऱ्यातून आम्हांस काय म्हणायचे आहे ते सांगतो.

आपण रसिक शेवटच्या घटकेला येतो. दिवे लागलेले असतात, तंबोरे जुळलेले असतात, गवई शाल पांघरून बसलेला असतो. आपण ऐकतो, डोळे पुसतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. पण त्या घटकेआधीची दहा-वीस वर्षे दुसऱ्या कोणीतरी पेललेली असतात. कोठे देवधरांसारख्या गुरूने घरात ठेवून घेतलेले असते, कोठे भानुमतीबाईंनी पगार आणलेला असतो, कोठे अंबाबाईंनी स्वतःचे तोंड मिटलेले असते. त्या वर्षांत कलावंत कलावंत नसतो. तो एक उमेदवार असतो. त्याला भूक असते, आणि त्याच्याजवळ दाखवण्यासारखे काहीही नसते.

पूर्वी या वर्षांचा भार संस्थानिकांनी आणि वाड्यांनी उचलला. अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय होता. कुंदगोळच्या नाडगीर वाड्याने गाणे सांभाळले. संस्थाने गेली हे योग्यच झाले. पण त्यांच्याबरोबर जे काम उघड्यावर पडले, ते कोणी तरी उचलावयास हवे की नाही?

आम्ही शाळेत जे पाहिले ते आपल्या कानावर घालतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. वडील हमाली करीत. गल्लीतल्या एका वृद्ध वादकाकडे तो तबला शिकत असे. बाकावर त्याची बोटे सदैव चालू. गणिताच्या तासाला आम्ही कितीदा तरी त्याला दटावले असेल. परंतु शाळेच्या संमेलनात त्याने साथ केली, तेव्हा बाहेरून आलेल्या गायिकेने मागे वळून त्याचे नाव विचारले. शालान्त परीक्षेत त्याला जेमतेम गुण मिळाले. कोणत्याही शिष्यवृत्तीच्या अर्जात तबल्यासाठी रकाना नव्हता. तो मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात लागला. त्याचे बरे चालले आहे, तो प्रामाणिकपणे चार पैसे मिळवतो, भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याचे वाटोळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण तबला सुटला, आणि शिकवणारे ते वृद्ध गृहस्थही आता हयात नाहीत. त्यांच्याजवळ जे होते ते घेणारा दुसरा कोणी नव्हता.

आपल्या न्यासाने पन्नास वर्षांत किती मुलांना वह्यापुस्तके, फी आणि वसतिगृहाचा आधार दिला, हे या सभेतल्या कित्येकांना स्वानुभवाने ठाऊक आहे. मदत गुणांच्या क्रमाने दिली जाते; त्यात वशिला चालत नाही, हा न्यासाचा लौकिक आहे आणि तो टिकलाच पाहिजे. आम्ही तो नियम मोडा असे सांगत नाही. त्याच्या शेजारी दुसरा एक लहानसा नियम लिहा, एवढीच विनंती आहे. दरवर्षी एका मुलास किंवा मुलीस, गाणे, साथ अथवा वाद्ये बनविण्याची विद्या शिकण्यासाठी, महिन्याला ठरावीक वेतन द्यावे. परीक्षा जाणकारांनी पडद्याआडून ऐकून घ्यावी, म्हणजे जात, धर्म, भाषा, कपडे यांपैकी काहीच दिसणार नाही. आणि हे वेतन एका वर्षाचे नसावे. खाँसाहेबांनी मागितलेली आठ वर्षे आपल्याने होणार नसतील, तर निदान चार वर्षांचे असावे.

यावर कोणी विचारील, की चार वर्षे पोसलेला मुलगा गवई झालाच नाही तर? तर तो चांगला श्रोता होईल, चांगला संगीतशिक्षक होईल, किंवा नुसताच चांगला माणूस होईल. ज्या मुलांना आपण फी दिली, ती सारी कोठे डॉक्टर झाली? आपण तो पैसा बुडाला असे कधी मानले नाही. दुसरी शंका अशी की औषधपाणी आणि धान्य यांच्या आधी गाणे कसे? शंका रास्त आहे. आजाऱ्याचे औषध आधी, यात दुमत नाही. आम्ही मागतो तो वाटा समारंभांच्या खर्चातून निघावा. शाली, श्रीफळे, मानचिन्हे आणि हारतुरे यांवर आपण मोठमोठ्या कलावंतांसाठी जे खर्चतो, त्यातले अर्धे एखाद्या अनोळखी उमेदवाराच्या जेवणावर खर्च केले, तर त्या मोठ्या कलावंतांनाही ते आवडेल. त्यांनी ते दिवस काढलेले आहेत.

आम्हां रसिकांचे गवयांवर प्रेम असते, ते खरेच असते. पण पिकल्या आंब्यावर प्रेम करायला काही लागत नाही. रोपाला पाणी घालायला बादली उचलावी लागते. न्यासाच्या पुढल्या पन्नास वर्षांत ती बादली कोणी तरी उचलील, अशी आशा बाळगतो. विश्वस्त मंडळी ठराव मांडणार असतील, तर पहिल्या वर्षाच्या वेतनात आमच्या एका महिन्याच्या पगाराची भर घालण्यास आम्ही तयार आहोत, हे येथेच नमूद करून ठेवतो.